वहिनी आधीच आल्यात

१

वयाची पंचेचाळिशी उलटली तरी धाकटीला घरात सगळे अजून धाकटीच म्हणत. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि दोनदा तपासल्याशिवाय कशावर म्हणून सही करायची नाही, हा तिचा बाणा होता. तिची वहिनी झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान चालवायची. नणंद-भावजयीचं छान पटतं असं कोणी सांगितलं की ऐकणारे गालात हसतात. पण या दोघी गेली काही वर्षं रजा जुळवून सायकलवरून लांब-लांब फिरत होत्या आणि परत येताना एकमेकींशी बोलत असत, हेच पुष्कळ झालं.

फिरायची पद्धत ठरलेली होती. धाकटी पुढे, वहिनी मागे. चढ दिसला की धाकटीच्या पायांत वारं शिरायचं. वहिनी मात्र चढाशी घासाघीस करत यायची. थोडं चढायची, थांबायची, पाणी प्यायची, कोणाच्या तरी कुंपणावरच्या वेलीची चौकशी करायची आणि धाकटी ताटकळलेली दिसली की म्हणायची, तू पुढे हो, मी आलेच. मग धाकटी पुढे जाऊन पुढच्या फाट्याला थांबायची. बऱ्याच वेळाने वळणावर वहिनीचं पिवळं जाकीट दिसायचं. एकदा का ते दिसलं की धाकटी पुन्हा पायडलवर पाय ठेवायची.

रात्रीचा मुक्काम बहुतेक कोणाच्या तरी घरी असायचा. सायकलवाल्यांना ओळखदेख नसताना घरात घेणारी, अंथरूण-पांघरूण देणारी, वर सकाळी डबा भरून देणारी माणसं जगात असतात, यावर धाकटीचा सुरुवातीला विश्वासच बसला नव्हता. यांना यातून मिळतं काय, असं तिने वहिनीला विचारलंही होतं. वहिनी म्हणाली होती की आपण मिळतो, आणखी काय मिळायला हवं.

२

त्या दिवशी सकाळपासूनच काही धड होत नव्हतं. वारा समोरून. दुपारपर्यंत धाकटीच्या मागच्या चाकाचं दोनदा पंक्चर काढून झालं. जिथे जेवायचं ठरलं होतं त्या खानावळीला कुलूप. आणि दुपारनंतर बारीक पाऊस लागला, थंडीतला, सुया टोचल्यासारखा. तो जाकिटाच्या आत कुठून शिरतो ते कळायचंच नाही.

शेवटच्या गावात वहिनी म्हणाली की आज इथेच कुठे तरी टेकू या, हात कामातून गेलेत. धाकटीने ते उडवून लावलं. वर ज्यांच्याकडे आजचा मुक्काम होता ते मधवाले काका-काकू वाट बघत असतील, जेवण करून ठेवलं असेल, आणि आता राहिलाच आहे एक चढ. त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

चढाच्या पायथ्याशी ओढ्यावर एक अरुंद पूल होता. त्याला कठडा नव्हता. दोघी तिथे थांबल्या. वहिनीच्या बोटांना गिअरचा खटका दाबता येत नव्हता. ती हाताच्या तळव्याने तो ढकलत होती. मोबाइलला रेंज नव्हती. धाकटीने चढाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"तू पुढे हो," वहिनी म्हणाली. मध्येच तिला बारीक खोकला आला. "मी आलेच."

धाकटी निघाली. पहिल्याच वळणानंतर धुक्याने रस्ता गिळला. मागे पाहिलं तर दहा हातांपलीकडे काही नव्हतं. या चढाला फाटा नव्हता, त्यामुळे थांबायचं ठिकाणही नव्हतं, आणि थांबलं की अंग थरथरायला लागायचं. वाटेत एक दुधाचा टँकर खालून आला आणि घरघरत तिला ओलांडून वर गेला. त्याशिवाय चढावर कोणी भेटलं नाही.

३

मधवाल्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. बुटकं फाटक, अंगणात मधमाश्यांच्या पेट्या, त्यांवर पावसासाठी घातलेले पत्रे आणि पत्र्यांवर दगड. व्हरांड्यात दिवा लावलेला होता. अजून उजेड होता, पण धुक्यात घर चुकू नये म्हणून लावला असावा. धाकटीने सायकल भिंतीला टेकवली तोच दार उघडलं. काकूंनी तिच्या हातातून हेल्मेट घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि घरातल्याच माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या,

"या, आत या आधी. तुमच्या वहिनी आधीच आल्यात. मागच्या दाराने आल्या, बाथरूममध्ये आहेत."

धाकटी हसली. इतक्या वर्षांत वहिनी तिच्या आधी कुठे पोहोचल्याचं तिला आठवत नव्हतं. मग तिला टँकर आठवला आणि उलगडा झाला. बाई टँकरमध्ये बसून आली. एका परीने बरंच झालं. मनावरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्यावर थोडा रागही आला, की निदान हात तरी हलवायचा खिडकीतून.

व्हरांड्यात वहिनीची सायकल मात्र नव्हती. काकूंनी सांगितलं की मीही विचारलं, तर त्या म्हणाल्या, सायकल पुलाखाली आहे. म्हणून काका पिकअप काढतायत, अंधार पडायच्या आत जाऊन घेऊन येतील. तुम्ही बसा, सूप गरम आहे.

काका शेडमध्ये पिकअपचं बॉनेट उघडून काहीतरी करत होते. लांबूनच त्यांनी धाकटीला हात केला. उंच, काटकुळे, सावकाश हालचालींचे. माश्यांमध्ये वावरून माणूस असा होत असेल, असं धाकटीला वाटलं.

तिने बूट काढले आणि काकूंच्या मागोमाग आत गेली. पुलाखाली. सायकल कोणी पुलाखाली ठेवतं का? ठेवत असेल, पावसाने भिजू नये म्हणून. वहिनी जपणारी आहे. धाकटीने मनाशी तसं ठरवलं आणि सुपाचा कप हातात घेतला.

४

स्वयंपाकघरातून एक लांबट बोळ मागच्या दाराकडे जात होता, आणि बाथरूम त्या बोळाच्या टोकाला होतं. आत नळ सुरू होता. पाणी बादलीत पडत होतं. वहिनी आंघोळीच्या वेळी गुणगुणते तसं, चालीचा पत्ता नसलेलं काहीतरी गुणगुणणंही ऐकू येत होतं. त्या आवाजाने धाकटीला ऊब वाटली. सूप पिताना ती काकूंना दिवसाची हकीकत सांगू लागली.

सांगता सांगता तिचा एक कान बाथरूमकडे होता. लॅबमध्ये दिवसभर बाटल्या आणि नळ्या भरणाऱ्या माणसाला एक सवय लागते. भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज चढत जातो, न बघता कळतं. हा आवाज चढत नव्हता. बादली मघाशी जितकी रिकामी होती तितकीच अजून होती. बादली फुटकी असेल, धाकटीने स्वतःला सांगितलं. नाहीतर पाणी सरळ फरशीवर पडत असेल.

मग तिची नजर बोळातल्या फरशीवर गेली. स्वयंपाकघरापर्यंत तिच्या स्वतःच्या ओल्या मोज्यांचे ठसे होते. पुढे, मागच्या दारापासून बाथरूमपर्यंत, फरशी कोरडी होती. बाथरूमबाहेरच्या खुर्चीवर घडी केलेला टॉवेल होता, त्याला हात लागलेला नव्हता.

तुम्ही फरशी पुसलीत का, असं तिने काकूंना विचारलं. काकू नाही म्हणाल्या. त्यांनीही फरशीकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली.

धाकटी उठली. बोळ थंड होता. दाराशी जाऊन तिने टकटक केलं आणि विचारलं की टॉवेल देऊ का.

"तू पुढे हो," आतून वहिनीचा आवाज आला. बारीक खोकला. "मी आलेच."

आवाज वहिनीचाच होता, त्यात शंकाच नाही. धाकटीने दार पुन्हा वाजवलं. टँकरवाल्याने सोडलं का, तिने विचारलं.

"तू पुढे हो." खोकला. "मी आलेच."

वहिनी असं माणूस नव्हतं. तिला एक विचारलं तर ती चार सांगायची, आणि त्यातलं एकही विचारलेल्याचं नसायचं. धाकटीने तिसऱ्यांदा विचारलं, कारण दोनदा तपासून भागलं नव्हतं. वहिनी, तुझे हात कसे आहेत?

तोच सूर, तेवढाच थांबा, खोकला त्याच जागी. तीच वाक्यं.

दाराखाली बोटभर फट होती आणि आतल्या दिव्याचा उजेड तिथून बाहेर येत होता. धाकटी गुडघ्यांवर बसली, मग वाकली. पाण्याची धार पलीकडे कुठेतरी पडत होती. पण पाय इकडे होते, दाराला अगदी लागून, दाराकडे तोंड करून उभे. एका पायात वहिनीचा सायकलचा बूट होता, चिखलाने माखलेला. दुसरा अनवाणी होता आणि त्याचा रंग माणसाच्या पायाचा नव्हता. इतका पांढरा रंग धाकटीने कधी पाहिला नव्हता. पाय हलत नव्हते. पाण्याचा एक थेंबही त्यांच्यावरून ओघळत नव्हता.

ती उठली तेव्हा काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी काय पाहिलं किंवा पाहिलं नाही, ते धाकटीने तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही नाही. ती फक्त म्हणाली की मी काकांबरोबर पुलावर जाते.

काकूंनी मान हलवली. त्यांनी कपाटातून दोन ब्लँकेटं काढून तिच्या हातात कोंबली. मग टॉवेल असलेली खुर्ची ओढून त्या बाथरूमच्या दाराशी बसल्या.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी बसते इथे. कोणी दारात आलं तर त्याला एकटं नाही ठेवायचं."

५

उतारावर काकांचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. दाराखालून पाहिलेलं धाकटीने त्यांना सांगितलं असतं तर स्वतःच्याच कानांना ते वेडगळ वाटलं असतं. डोक्यात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती की वहिनी वरती घरात सुखरूप आंघोळ करतेय आणि तू म्हाताऱ्या माणसाला धुक्यात खाली नेतेयस. दुसरी काहीच म्हणत नव्हती, नुसती ते पाय दाखवत होती.

पुलापाशी दिव्यांच्या झोतात आधी काहीच दिसलं नाही. ओढा खळाळत होता. काकांनी बॅटरी घेतली आणि ते कडेकडेने चालू लागले. पुलाच्या कडेला चिखलात एका चाकाची घसरलेली रेघ होती. ती कडेपर्यंत जाऊन संपली होती.

धाकटी बसत, सरकत खाली उतरली. पुलाच्या पोटाखाली, पाण्याच्या काठाला, पिवळं जाकीट होतं.

वहिनी कुशीवर पडलेली होती. सायकल तिच्या पायावर होती, कंबरेपर्यंतचं अंग पाण्यात. एक बूट चाकाच्या तारांत अडकून निघाला होता आणि तो पाय अनवाणी होता. ती थरथरत नव्हती. तिने थरथरायला हवं होतं, हे धाकटीला माहीत होतं, आणि त्यानेच तिची पाचावर धारण बसली. तिने वहिनीच्या गळ्याशी बोटं टेकवली. बोटांना काही लागेना. तिने बोटं काढली नाहीत. मग एक ठोका लागला. बराच वेळ गेला. मग दुसरा.

काकांनी सायकल उचलली. त्या काटकुळ्या माणसात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. दोघांनी मिळून वहिनीला वर आणलं, ब्लँकेटांत गुंडाळलं आणि पिकअपच्या सीटवर धाकटीच्या मांडीत दिलं. चढावर काकांनी गाडी जपून पण न थांबवता घेतली. धाकटी वहिनीचं डोकं छातीशी धरून बोलत होती. दुपारी मी चुकले, आपण गावातच थांबायला हवं होतं, तुझं बरोबर होतं, ऐकतेस ना, तुझं बरोबर होतं. एरवी हे ऐकायला वहिनीने दुकान बंद ठेवलं असतं.

वरच्या वळणावर काकांनी हॉर्न वाजवला. घर जवळ आलं की वाजवायची त्यांची सवय होती.

६

काकूंनी दार उघडून ठेवलं होतं, शेगडी पेटवली होती आणि घरच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना बोलावणंही केलं होतं. ओले कपडे निघाले, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून वहिनीच्या कुशीत ठेवल्या गेल्या, आणि काकू स्वतः ब्लँकेटात शिरून तिला मिठीत घेऊन बसल्या, जणू आपलीच लेक. बऱ्याच वेळाने वहिनीच्या जबड्यात पहिली थरथर उठली. मग सगळं अंग कापू लागलं. काकू म्हणाल्या की आता भीती नाही. हे ऐकून काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, घोटा पाहिला, पट्टी बांधली. मोडलेलं नव्हतं. जाताना त्यांनी विचारलं की पुलाखाली कोणाला पाहायचं सुचलं तरी कसं, रस्त्यावरून तर काहीच दिसत नाही. धाकटीने काकूंकडे पाहिलं.

"निरोप आला होता," काकू म्हणाल्या.

सगळं शांत झाल्यावर धाकटी बोळात गेली. बाथरूमचं दार उघडं होतं. काकूंनी सांगितलं की वळणावर हॉर्न वाजला आणि आतलं पाणी बंद झालं. कडी काढल्याचा आवाज आला नाही, पण दार सैल झालं. आत फरशी कोरडी खडखडीत होती आणि बादली भिंतीशी पालथी घातलेली होती, सकाळी घासून ठेवली तशीच.

धाकटीने बराच वेळ त्या पालथ्या बादलीकडे पाहिलं. तिने ती सुलटी करून पाहिली नाही. दिवा सुरूच ठेवून ती परत आली.

७

सकाळी पाऊस थांबला होता आणि माश्या पेट्यांबाहेर पडल्या होत्या. वहिनी उशांना टेकून गरम दूध पीत होती. त्यात काकूंनी चार चमचे मध घातला होता आणि वहिनी पाचवा मागत होती. ओढ्यातलं तिला फारसं आठवत नव्हतं. पूल पार करताना चाक घसरलं, पाणी फार थंड होतं, आणि नंतर थंड लागेनासं झालं, एवढंच. मग एकदम ती काकूंकडे वळली.

"मग काकांनी तो कोट पुन्हा घातला का?"

काकूंनी कोणता कोट म्हणून विचारलं. वहिनी म्हणाली, अहो तोच, खुंटीवरचा. ज्याच्या बाहीत माश्यांचं अख्खं मोहोळ येऊन बसलं होतं आणि काका तीन दिवस नुसत्या बनियनवर हिंडत होते. तुम्ही मध्येच थांबलात की. मी हसत होते, पण हसू फुटत नव्हतं.

काकू खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की हो, घातला. बाही झटकली तर आत मधाचा डाग पडलेला. तो काही केल्या जाईना म्हणून अजून तोच कोट घालतात. वहिनी पोट धरून हसली. धाकटी खिडकीशी उभी राहून अंगण बघत होती. ही गोष्ट काल संध्याकाळी बाथरूमच्या बंद दाराबाहेर खुर्चीवर बसून काकूंनी सांगितली होती; रात्री त्या धाकटीजवळ तसं बोलल्याही होत्या. तेव्हा वहिनी पुलाखाली होती.

दोन दिवस त्यांना मधवाल्यांनी हलू दिलं नाही. धाकटीने पेट्यांवरचे पत्रे बसवायला काकांना मदत केली, वहिनीने बसल्या बसल्या मटार सोलले आणि घराचे निम्मे प्रश्न सोडवले. रात्री धाकटी वहिनीच्या खोलीतच जमिनीवर झोपली. अधूनमधून जागी होऊन ती काहीबाही विचारायची, आणि वहिनी झोपेत करवादून उत्तर द्यायची. दर वेळी उत्तर वेगळं असायचं. ते ऐकलं की धाकटी पुन्हा झोपायची.

तिसऱ्या दिवशी काका त्यांना पिकअपमधून स्टेशनला सोडणार होते. दोन्ही सायकली मागे बांधून झाल्या. वहिनी पुढे बसली, पाय उशीवर. काकूंनी मधाची बरणी विसरली म्हणून धाकटीला आत बोलावलं. बरणी ओट्यावरच होती. काकूंनी ती लगेच दिली नाही.

"एक सांगायचं राहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेव्हा सांगितलं असतं तर तू तिथेच खचली असतीस, पोरी, म्हणून ठेवून दिलं. त्या मागच्या दाराशी आल्या ना, तेव्हा मी आधी या म्हटलं. तर आत येईनात. एकच विचारलं. माझी नणंद पोहोचली का? ती पुढे होती, फार धुकं आहे. मी म्हटलं, अजून नाही. तेव्हा म्हणाल्या, मग मी थांबते, आणि मगच आत आल्या."

धाकटीने बरणी घेतली. तिने काकूंच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकवलं आणि ती बाहेर आली.

पिकअपला मागे बसायला चांगली फळी होती, त्यावर काकांनी तिच्यासाठी गोणपाट अंथरलं होतं. धाकटी पुढचंच दार उघडून आत चढली आणि वहिनीला लागून बसली. वहिनी कुरकुरली. मागे एवढी ऐसपैस जागा असताना इथे कशाला चेपतेस, माझा पाय बघ, तुझी ही बरणी टोचतेय, आणि खिडकी लाव आधी.

धाकटीने खिडकी लावली. ती सरकली मात्र नाही, अगदी स्टेशन येईपर्यंत.